तिसऱ्या गृहीतकाचं गाऱ्हाणं

माणसाला छळण्याचे जेवढे सभ्य मार्ग असतात, तेवढे सगळे सरांना अवगत होते. ओरडणं, अपमान करणं, पगार अडवणं यांतलं त्यांनी कधीच काही केलं नाही. केलं असतं तर मी तिसऱ्या महिन्यातच ट्रंक उचलून नाशिकला परतले असते आणि दोघांचंही भलं झालं असतं. ते फक्त गप्प बसत. मी तावातावाने सांगत असे, ते मन लावून ऐकत, आणि जिथे ‘हो’ म्हणायचं तिथे समोरच्या माडाकडे बघत राहत. त्या एका ‘हो’साठी मी मालवणच्या किनाऱ्यावर उमेदीची दोन वर्षं घालवली.

ही साठ सालानंतरची गोष्ट. गणितात डॉक्टरेट झालेली मुलगी ही तेव्हा घरच्यांना कौतुकाची आणि काळजीची बाब असे, आणि पाहुण्यांना फक्त काळजीची. पुण्याच्या एका कॉलेजात जागा होती. तिथल्या विभागप्रमुखांनी स्पष्ट सांगितलं होतं की एखादा शोधनिबंध कुठे तरी स्वीकारला गेलेला दाखवा, तोवर जागा दोन वर्षं कशीबशी धरून ठेवतो. त्याच सुमाराला सरांची जाहिरात दिसली. सजीव पेशी दोन कशी होते, याचं गणित मांडायला डॉक्टरेट झालेला संशोधक हवा होता. मुदत दोन वर्षं, राहण्याजेवणाची सोय. माझ्या डोळ्यांसमोर पांढऱ्या फरशीची प्रयोगशाळा उभी राहिली.

प्रयोगशाळा म्हणजे सरांचं कौलारू घर निघालं. पडवीत माझं टेबल, आतल्या एका खोलीत सूक्ष्मदर्शक आणि काचेच्या बशा, आणि बाकी घर सरांच्या थोरल्या बहिणीचं. त्यांना सगळे आक्का म्हणत. त्या लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेल्या. सर विलायतेत शिकले होते, मुंबईत काही वर्षं शिकवून, कुणाशी तरी भांडून गावी परतले होते, आणि एका विश्वस्त निधीच्या मदतीवर हे संशोधन चालवत होते. लग्न केलं नव्हतं. ते मात्र त्यांनी जगावर केलेले उपकार, असं माझं तेव्हा ठाम मत झालं.

आमचं काम असं. ओहोटीला खडकांच्या फटींत काळे काटेरी गोळे सापडतात, ज्यांना इंग्रजीत सी-अर्चिन म्हणतात. पास्कू नावाचा आमचा मदतनीस ते गोळा करून आणी आणि सोबत मडकंभर समुद्राचं पाणीही. गोळ्यांची अंडी बशीतल्या पाण्यात फळवायची. एकेक अंडं म्हणजे एकेक पेशी. थोड्या वेळाने तिच्या मधोमध घडी पडते आणि एकाच्या दोन होतात, दोनाच्या चार. ही घडी कधी पडणार हे समीकरणाने आधीच सांगता यावं, एवढंच मला करायचं होतं. ऐकायला सोपं वाटतं. सर नसते तर सोपं झालंही असतं.

मुळात त्या घरात घड्याळ नव्हतं. म्हणजे भिंतीवर होतं, पण त्याला किल्ली देत नसत. घर समुद्राच्या वेळेवर चालायचं. ओहोटी लागली की काम सुरू, भरती आली की जेवण. समुद्र रोज जवळपास तासभर उशिरा येतो, त्यामुळे जेवणही रोज तासभर पुढे सरकायचं. आज बाराला जेवलो तर आठवड्याने सकाळच्या पेजेवर संध्याकाळपर्यंत काढायचे दिवस यायचे. रविवार नावाची गोष्ट सरांना मान्य नव्हती, कारण समुद्राला ती मान्य नव्हती. आक्का या वेळापत्रकावर वर्षानुवर्षं चूल पेटवत आल्या होत्या. मी एकदा माझं मनगटी घड्याळ दाखवून तक्रार केली, तर सरांनी ते कौतुकाने हातात घेतलं, कानाला लावलं आणि म्हणाले की छान चालतंय, पण कुणासाठी?

आकडेमोडीला हाताने फिरवायचं एक गणनयंत्र होतं. खाऱ्या हवेने ते गंजू नये म्हणून सर त्याला खोबरेल तेल घालत. मी म्हटलं, यंत्राचं तेल आणू या. ते म्हणाले, माडाच्या गावात तेल बाहेरून आणायचं? परिणाम असा की थंडीच्या दिवसांत सकाळी तेल थिजायचं आणि यंत्राचा दांडा हलायचाच नाही. मग आमचं यंत्र खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, वाळत घातलेल्या खोबऱ्याच्या सुपाशेजारी उन्हात ठेवायचं आणि तेल वितळेपर्यंत डॉक्टरेट झालेल्या संशोधिकेने कावळे हाकायचे. हे मी घरी पत्रातून कळवलं नाही. वडिलांनी मला शिकवायला काढलेल्या खस्ता मला ठाऊक होत्या.

पण हे सगळं मी सहन केलं असतं. माझा अंत पाहिला तो गाऱ्हाण्याने.

कोकणात कुठलंही मोठं काम सुरू करताना देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस मोठ्याने देवाला सगळी परिस्थिती सांगतो, मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. पहिल्याच आठवड्यात सर मला धामापूरच्या देवळात घेऊन गेले. मला वाटलं दर्शनाला. तिथे एका कुटुंबाचं गाऱ्हाणं चाललं होतं. सरांनी मला खांबाजवळ बसवलं आणि नीट ऐक म्हणाले. परतताना कळलं की तो माझा पहिला पाठ होता.

सरांचा नियम असा होता की गणितात जी जी गोष्ट आपण गृहीत धरतो, ती घरातल्या सर्वांसमोर, मालवणीत, गाऱ्हाणं घालून सांगायची. आक्का, पास्कू आणि सर यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं तरच ते गृहीतक पक्कं. एकाने जरी म्हटलं नाही, तरी कागद पुढे जायचा नाही. ‘गृहीतक म्हणजे पावणो,’ ते म्हणायचे. ‘एकदा घरात घेतलो काय शेवटपर्यंत तेका जेवक घालूचा लागता.’ कागदावर लिहिताना माणूस स्वतःला फसवू शकतो, पण तेच मोठ्याने चार माणसांत बोलताना जीभ अडखळते, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझी जीभ मालवणी बोलताना एरवीही अडखळायचीच. पडवीत उभं राहून, हात जोडून, मोडक्या मालवणीत पेशीविषयी देवाला सांगताना मला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. आक्का मात्र प्रत्येक वाक्याला सर्वांच्या आधी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून टाकायच्या, कारण आत भात तयार असायचा. पास्कू ख्रिस्ती, तो आधी छातीवर क्रूस करायचा आणि मग खड्या आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचा. आपल्या पाद्र्याला चालेल का, असं मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘बाईंनू, अंड्यांका खंय धर्म आसा?’

एकदा विश्वस्त निधीचे एक गृहस्थ काम बघायला आले. सुटाबुटातले, घामाघूम. काम कुठवर आलं, असं त्यांनी विचारलं. गावोगावचे रस्ते जिथे फुटतात त्या फाट्याचं नाव घेऊन सर म्हणाले, ‘काम तळेऱ्याच्या फाट्यार उभा आसा. खंयची गाडी आधी येता ता बघता.’ मी मान खाली घातली. त्यानंतर त्या गृहस्थांना गाऱ्हाण्याला उभं केलं गेलं, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनीही ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. ते माझ्याकडे सहानुभूतीने बघत होते, की मीही या वेडातलीच एक समजून, ते मला कळलं नाही.

माझं गणित मात्र चांगलं चाललं होतं. फक्त आमची अंडी आळशी होती. पुस्तकांत दिलेल्या वेळेपेक्षा ती बरीच उशिरा दुभंगायची, काही तर दुभंगायचीच नाहीत. मी डोकं लढवून समीकरणात उशिराचं एक पद घातलं आणि काय सांगू, माझी वक्ररेषा आणि निरीक्षणाचे ठिपके एकमेकांवर असे बसले की त्या दिवशी मी ओहोटी-भरती विसरून दोन वेळा जेवले. निबंध लिहून काढला. पुण्याची मुदत संपायला अजून वर्ष होतं. आता फक्त गाऱ्हाणं.

तीन गृहीतकं होती. पहिल्याला तिघांचं व्हय आलं. दुसऱ्याला आलं. तिसरं अगदी साधं होतं, की बशीतलं पाणी समुद्रातल्या पाण्यासारखंच आहे. आक्का व्हय म्हणाल्या. पास्कू व्हय म्हणाला. सर माडाकडे बघत बसले.

मी कारण विचारलं. ते म्हणाले, ‘तोंडातसून व्हय येणा नाय.’ बस्स, एवढंच. चूक दाखवा म्हटलं, दाखवली नाही. मग दर पंधरा दिवसांनी मी ते गाऱ्हाणं घातलं आणि दर वेळी तिसऱ्या गृहीतकाशी त्यांना माड दिसू लागला. मी समजावलं, चिडले, रडले, दोन दिवस जेवले नाही. जेवले नाही तेव्हा आक्का कळवळल्या आणि सर म्हणाले की उपासाने पाणी बदलत नाही.

आक्कांविषयी इथे सांगायला हवं. सुरुवातीच्या दिवसांत मी त्यांना एकदा सूक्ष्मदर्शकातून अंडी दुभंगताना दाखवली होती. त्या किती तरी वेळ डोळा लावून उभ्या राहिल्या. त्यानंतर आमच्या बशांमधल्या जिवांना त्या ‘बाळां’ म्हणू लागल्या. त्या खोलीत मोठ्याने बोलू देत नसत, दारात निखाऱ्यांवर ओवा टाकून धुरी देत. पास्कूने आणलेलं पाणी गाळून भरून ठेवायचं कामही त्यांनीच आपल्याकडे घेतलं, आणि त्यासाठी आपली लग्नातली तांब्याची घागर काढली. कोकमाच्या आंबट आगळाने ती रोज अशी घासायच्या की खोलीत उजेड पडावा. मला त्याचं कौतुकच वाटे. त्या घरात माझ्या कामाची मनापासून कदर करणारं दुसरं कोण होतं?

आणि त्याच दिवसांत सरांनी कल्हईचं वेड घेतलं. मी निबंधासाठी त्यांच्या पाया पडायची बाकी राहिले होते, आणि हा विद्वान माणूस कल्हईवाल्याला शोधत गावोगाव हिंडत होता. एक दिवस त्याला घेऊनच आले. अख्खी सकाळ खळ्यात भाता चालला आणि सर स्वतः उकिडवे बसून त्या घागरीला आतून कल्हई लावून घेत होते. आक्कांना ते मुळीच रुचलं नाही. बाळंतिणीच्या खोलीतलं पाणी तांब्यातच हवं, कल्हईत कसलं, म्हणून त्यांनी काथ्या आणि राख घेऊन घागर आत हात घालून घासली, पुन्हा तांबडी होईपर्यंत. सरांनी महिन्याभराने परत कल्हईवाला आणला. आक्कांनी परत घासली. भावाबहिणीच्या या खेळात मी पडले नाही. मला माझी दुःखं पुरेशी होती.

शेवटी मुदत संपायला थोडेच महिने उरले तेव्हा मी ठरवलं की आता तिसरं गृहीतक सिद्धच करून दाखवायचं. सूक्ष्मदर्शक पेटीत घालून पास्कूबरोबर मी स्वतः ओहोटीला खडकांवर गेले. छत्री उघडी धरून पास्कू माझ्यावर सावली करत उभा राहिला. तिथल्याच डबक्यातल्या पाण्यात अंडी फळवली आणि वाट बघत बसले. अंडी दुभंगली. पुस्तकात म्हटलं होतं तेव्हा, बरोबर, सगळीच्या सगळी. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आळशी वगैरे कुणी नव्हतं.

समुद्र आणि बशी यांच्या मध्ये काय होतं, याचा विचार करत मी घरी निघाले आणि वाटेत मला कल्हईवाला आठवला. मी गणितातली. तांबं पाण्यात उतरतं आणि ते असल्या कोवळ्या जिवांना विष असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण सरांना माहीत असणारच होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पडवीत शिरले तीच ओरडत. घागर तांब्याची आहे, त्यानेच अंडी मरतात, हे तुम्हाला इतके महिने ठाऊक होतं की नाही, असं विचारलं. कोकणातल्या घरांच्या भिंती कौलांपर्यंत पोचत नाहीत, एका खोलीत कुजबुजलं तरी दुसरीत ऐकू येतं, आणि मी तर कुजबुजत नव्हते. सर झटकन उठले, चपला न घालताच खळ्यातून बाहेर पडले आणि मला मागे येण्याची खूण केली. पुळणीच्या वाळूवर बरंच लांब आल्यावर थांबले.

‘आक्काक तीन पोरां झाली,’ ते म्हणाले. ‘एकव पोर चालूक लागाक नाय. आता ह्या बाळांकाय तूच मारतंस, असा मी तिका सांगू?’

मग मी म्हटलं की मला तरी हळूच सांगायचंत. ते म्हणाले, त्या घरात हळू असं काही नसतं. आणि मी हुशार आहे, माझं मला कळेल, म्हणून वाट बघत होते. माझी नोकरी, माझी दोन वर्षं, यांचं काय, असं मी विचारलं. ते समुद्राकडे बघत राहिले. तिथे माड नव्हता म्हणून.

राग एका बाजूला ठेवून विचार केला तेव्हा लक्षात आलं की माझं उशिराचं पद खोटं नव्हतंच. ते तांब्याचं पद होतं. तसं सरळ लिहिलं तर निबंध उलट जास्त मोलाचा होत होता. पण मग तिसरं गृहीतक बदलायला हवं, आणि बदललेलं गृहीतक गाऱ्हाण्यात, आक्कांच्या समोर, मोठ्याने सांगायला हवं. एवढ्या वेळेपुरता नियम मोडू या म्हटलं, तर सर ऐकेनात. आक्कांना दुखवायचं नाही आणि गाऱ्हाणंही सोडायचं नाही. या माणसाचं करायचं तरी काय?

शेवटी मीच उभी राहिले. संध्याकाळची भरती चढत होती, आत भात झाला होता. पहिलं गृहीतक सांगितलं. दुसरं सांगितलं. आक्कांचं व्हय नेहमीसारखं पहिलं आलं. मग मी डोळे मिटले आणि म्हटलं, ‘बा देवा म्हाराजा, बशीतल्या पाण्यात तांबा उतरला. पाणी घागरीत मी भरून ठेवलंय, ती चूक माजी.’

‘व्हय म्हाराजा,’ सर म्हणाले. सर्वांच्या आधी, मोठ्याने. वर्षभर एका खऱ्या वाटणाऱ्या वाक्याला ज्यांचं तोंड उघडलं नव्हतं, ते या धडधडीत खोट्याला क्षणात व्हय म्हणून मोकळे झाले. पास्कूने माझ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं, क्रूस केला आणि तोही व्हय म्हणाला.

आक्कांचं व्हय आलं नाही. आतल्या दाराच्या चौकटीला धरून त्या उभ्या होत्या.

‘नाय म्हाराजा,’ त्या म्हणाल्या. ‘घागर माजी. पाणी मी भरलंय. बाळांचा बरा व्हावचा म्हणान भरलंय. परत सांग गो बाय, खरा सांग.’

मला पुन्हा सांगावं लागलं. माझी मालवणी त्या दिवशी जितकी अडखळली तितकी कधी अडखळली नव्हती. आक्कांनी मायेने पाणी घागरीत ठेवलं, तांबं त्यात उतरलं आणि त्याने अंड्यांना उशीर झाला, असं मी देवाला सांगितलं. या वेळी आक्काच सर्वांच्या आधी व्हय म्हाराजा म्हणाल्या. मग पास्कू. सर तर माडाकडेही बघत नव्हते, दोन्ही हातांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावून बसले होते; त्यांचं व्हय त्या सोग्यातूनच आलं. आक्का त्यांना म्हणाल्या, ‘चल रे बाबू, भात निवलो.’

दुसऱ्या दिवशी खोलीत मातीचा नवा माठ आला. त्यातल्या पाण्यातली अंडी वेळेवर दुभंगली. आक्का सूक्ष्मदर्शकाशी उभ्या राहून दोन झाली, चार झाली, असं हळू आवाजात सांगत होत्या आणि मी लिहून घेत होते. निबंध गेला, स्वीकारलाही गेला, पण तोवर पुण्याची जागा भरली होती. मला जागा मिळाली ती पुढच्या वर्षी, दुसऱ्या गावी. ते वर्ष मी सरांच्या नावावर मांडून ठेवलं आहे.

निघाले तेव्हा सर तळेऱ्याच्या फाट्यापर्यंत सोडायला आले. गाडीची वाट बघत उभे होतो. निरोपाचं काही बोलतील म्हणून मी थांबले, तर म्हणतात कसे, ‘गाऱ्हाण्यात खोटा बोललंस ता बरा केलंस नाय.’

माझा संताप उसळला. मी म्हटलं, ‘आणि तुम्ही? सर्वांच्या आधी व्हय कोण म्हणालं होतं?’

ते वळले आणि फाट्यापलीकडे, देवगडच्या रस्त्याकडे बघत राहिले. तिकडे बघण्यासारखं काहीही नव्हतं. गाडी आली, माझी ट्रंक वर चढली, मी खिडकीशी बसले, तरी त्यांनी मान फिरवली नाही. आणि मला त्या माणसाचा पुन्हा एकदा मनापासून राग आला, कारण आता त्याच्यावर धड रागावण्याचीही सोय त्याने ठेवली नव्हती.